अंडं मधोमध तरंगलं

११ जानेवारी

सकाळी आंबिलीत साखरेऐवजी मीठ टाकलंस म्हणून यावाला बोलले. तिने माठातलं पाणी वाटीत ओतून माझ्यापुढे ठेवलं. चाखलं. पाणीच मचूळ झालं आहे.

“कधीपासून?”

“नाताळाच्या आधीपासून. थोडं थोडं.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय केलं असतंस, दाआ? पाण्याला वर्गाबाहेर गुडघ्यांवर बसवलं असतंस?”

यावा माझी धाकटी बहीण, म्हणून मी दाआ, म्हणजे ताई. मी शहरांतल्या मुलींच्या शाळांत रसायनशास्त्र शिकवत आणि शेवटी मुख्याध्यापिका म्हणून काम करत फिरले. ती इथे आमेतोकोपेत, आईच्या घरी, आईचे कांद्याचे वाफे कसत राहिली. तिचा नवरा गेला तेव्हा तिला सोबत हवी म्हणून मी निवृत्त होऊन इथे आले. ती लोकांना सांगते की सोबत मला हवी होती. असो.

वाफे पाहून आले. पातीची टोकं पांढरी पडली आहेत, चटका लागल्यासारखी. जेवताना यावा म्हणाली, “हे पीक गेलं तर मी लोमेला एनामकडे जाते. कायमची.” एनाम तिची मुलगी, सीमेपलीकडच्या लोमे शहरात असते. बोलायची एक पद्धत असते. ती जाणार नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. ह्या खेपेला तिने सगळंच बियाणं लावून टाकलं. स्वयंपाकघराच्या वाशांना एकही जुडी टांगलेली नाही. आईच्या वेळी बियाण्याच्या कांद्यांच्या जुड्या इतक्या लोंबत की वाकून चालावं लागे. पुढच्या हंगामाला लावणार काय, असं विचारलं. ती भांडी घासायला उठली. निष्काळजीपणा.

१४ जानेवारी

कारण सापडलं.

आमची वाळूची पट्टी अरुंद. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खारं तळं. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की तळं आटतं, तळाला मीठ धरतं आणि बायका ते खरवडून काठावर ढीग लावतात. ह्या वर्षी ढीग थेट आमच्या वाफ्यांच्या बांधाला टेकले आहेत. मग मीठ पाझरणार नाही तर काय साखर पाझरणार?

कोसिवाआजी त्या बायकांची म्होरकी. ऐंशीच्या पुढची, पाठ अजून ताठ. मी म्हटलं, “आजी, हे ढीग आजच्या आज हलवा.”

“का ग बाई?”

“तुमचं मीठ आमच्या विहिरींत उतरतंय.”

“माझ्या आजीनं इथंच ढीग लावले. तिच्या आजीनंही. तेव्हा मिठाला पाय नव्हते. आता फुटले होय?”

बायका हसल्या. मी वाद घातला नाही, सरळ तोग्बुईंकडे गेले. वाडीचे प्रमुख तेच. त्यांचा हुकूम संध्याकाळच्या आत निघाला. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन ढीग पार पलीकडे नेत होत्या. जाताना माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. शिस्तीची कामं अशीच होतात.

प्रश्न सुटला.

१९ जानेवारी

पाणी आणखी खारट.

एफो गामेली आला होता. प्राथमिक शाळेत माझ्याच वर्गात होता. पुढे तेमा बंदरात जहाजांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. आता विधुर. गावी परत येऊन डुकरं पाळतो आणि लोकांना विजेचे पंप बसवून देतो. वाडीतला प्रत्येक पंप त्याच्याच हातचा. येतो तेव्हा धुरावर सुकवलेली मासळी घेऊन येतो. लाच असावी, कशाबद्दलची ते कळत नाही. सगळं जग मला मॅडम म्हणतं, हा एकटा आकू म्हणतो. बुधवारी जन्मले म्हणून घरात पडलेलं नाव. ह्या वयात त्याची काही गरज नाही.

“पाणी खारट झालं की काय करायचं, आकू? पाइप खाली न्यायचा. मी माझा नेला. आठ दिवस गोड लागलं.”

“आणि मग?”

“मग आणखी खाली नेला.” त्याने हात चोळले. “आता असं अर्धवट नको. मेहुण्याच्या गावी, डोंगराकडे, मशीन आणून बोअर मारली. खोल तितकं गोड. तेच मशीन दोन फेब्रुवारीला इथे येतंय. पार खालपर्यंत जायचं. सगळ्या वाडीला एकच बोअर.”

माणूस यंत्रांत मुरलेला आहे. मला पटलं. मशीनला माझा पाठिंबा आहे असं सांगितलं. तो इतका खूश झाला की टोपी विसरून गेला.

“मासळी आवडली का, असं विचारत होता,” यावा म्हणाली.

“ठीक होती.”

“मला नाही कधी विचारत.”

“तुला काटे काढता येत नाहीत, म्हणून.”

ती तोंडाला पदर लावून आत गेली. खोकला झाला असावा. ह्या वाऱ्याने होतोच.

२३ जानेवारी

ढीग हलवले त्याचा उपयोग शून्य झाला, आणि आता कोसिवाआजींनी माझ्याविरुद्ध तोग्बुईंकडे तक्रार केली: मॅडमनी आमच्या मिठाला चोर म्हटलं. समेटाचा विधी करावा लागेल. मी म्हटलं, लेखी माफी देते. तोग्बुईंचा प्रवक्ता म्हणाला, “मॅडम, राग लेखी धरला होता का कोणी?”

तेव्हा तोग्बुईंच्या अंगणात, सगळ्यांसमोर, वाडगाभर पाणी आणि त्यात पाला. ज्याने त्याने आपली तक्रार मोठ्याने सांगायची, घोट तोंडात घ्यायचा आणि फुर्रकन उडवून द्यायचा, म्हणजे पोटातली आग बाहेर पडते. कॉलेजात असताना मी ह्याला अडाणीपणा म्हणत असे. आज उभी राहिले. पाणी गामेलीच्या विहिरीचं आणलं होतं. वाडीत सर्वांत खोल पाइप त्याचा, म्हणून आता तीच मानाची विहीर.

मी घोट घेतला, उडवला. आजींनी घोट घेतला आणि विधी बाजूला ठेवून थुंकून टाकला.

“ग मॅडम! हे तर माझ्या तळ्याचं पाणी! माफी मागतेस की माझं लोणचं घालतेस?”

सगळं अंगण हसलं. आजी माझ्या दंडाला धरून वाकून वाकून हसत होत्या. तेव्हा समेट झाला म्हणायचा. एकटा गामेली वाडग्याकडे बघत राहिला.

मीही बघत राहिले. त्याची विहीर पट्टीच्या बरोबर मध्यावर. तळं लांब, समुद्र लांब, मिठाचे ढीग तर आता दिसतही नाहीत. मग सर्वांत खारट तीच का?

२४ जानेवारी

उजाडताच वाटी घेऊन निघाले आणि वाडीतली एकूण एक विहीर चाखली. एकीने विचारलंच, “मॅडम, घरचं संपलं का?”

जितका पाइप खोल, तितकं पाणी खारट. एकाही विहिरीने हा नियम मोडला नाही. शेवटी आजीचा जुना झिरा आठवला. आजी म्हणजे आमची, आईची आई. पंप येण्याआधी बायका असल्या उथळ झिऱ्यांत उतरून कळशा भरत आणि वाफ्यांवर शिंपीत. तो झिरा गामेलीच्या डुकरांच्या खोपटामागे, समुद्राच्या बाजूला, इतका की लाटेचा आवाज तिथे बोलू देत नाही. नारळाच्या झावळ्यांनी बुजला होता. झावळ्या काढल्या, गाळ उपसला, खाली झिरपू दिलं, वाटी बुडवली.

गोडं! आईच्या वेळचं पाणी.

तिथेच वाळूत बसले. गोडं पाणी हलकं, खारं जड. पट्टीखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, रश्श्यावरच्या तेलासारखं. समुद्राच्या पातळीवर ते हातभर उभं असेल, तर खाली चाळीस हात असतं. पण वरून वीतभर उपसलं की खालचं खारं चाळीस विती वर सरकतं. हे मी कॉलेजात भूगोलाच्या पेपरात आकृतीसकट लिहिलं होतं. पूर्ण गुण मिळाले होते. आणि ज्या वाळूवर जन्मले तिच्याबद्दल ते आहे, हे आज कळलं.

म्हणजे मीठ तळ्यातून आलंच नाही. आम्ही पाइपाने ओढून वर आणलं, आणि खारट लागलं की पाइप त्या मिठाच्याच दिशेने आणखी खाली नेत गेलो. डोंगराकडे खोल जावं. वाळूच्या पट्टीवर खोल जाणं म्हणजे होडीत पाणी शिरलं म्हणून तळाला भोक पाडणं. (कोसिवाआजींचे ढीग तर खडखडीत कोरडे होते. पावसाशिवाय मीठ पाझरत नाही, एवढं पहिल्या इयत्तेतल्या मुलीने सांगितलं असतं.)

दोन तारखेला मशीन आलं तर गोड्या थराचं बूड फुटेल. मग वाफे संपले. आणि वाफे संपले की

पुढचं लिहायची गरज नाही.

२६ जानेवारी

गामेलीकडे गेले. टोपी परत दिली आणि म्हटलं, “तुझा पाइप वर ओढ. मशीनला नको म्हणून कळव.”

“आठ दिवसांपूर्वी तूच म्हणालीस, आणा.”

“तेव्हा माझी चूक झाली.”

“आकू, हे परत एकदा म्हण. पहिलीपासून वाट बघतोय.”

परत म्हटलं नाही. सगळा हिशेब वाळूत काठीने काढून दाखवला. त्याने मधेमधे बरे प्रश्न विचारले. मग दुसरा मुद्दा मांडला: उथळ पाणी गोडं असतं, पण वरून जे सांडतं ते सगळं त्यात उतरतं. खालून मीठ, वरून घाण. तेव्हा झिऱ्याशेजारचं डुकरांचं खोपट हलवायचं, संडासाचे खड्डे लांब न्यायचे, कोंबडीखताचे ढीगसुद्धा.

“डुकरांना काय सांगू? मॅडमनी बदली केली?”

“काय सांगायचं ते सांग.”

त्याने वाळूतल्या रेघांकडे बोट केलं. “मशीन मी एकट्याने नाही बोलावलं. वाडीचा शब्द गेलाय, तोग्बुईंचा गेलाय. एका बाईच्या रेघोट्यांवर तो परत फिरायचा नाही. सभेत दाखव. डोळ्यांना दिसेल असं दाखव. मला पटलं तर उठणारा पहिला मी.”

आडमुठा आहे, पण मुद्दा बरोबर आहे. मी निघताना त्याने मासळी हातात कोंबली.

३० जानेवारी

अंड्याचा प्रयोग. शाळेत मी दर वर्षी करून दाखवत असे: बरणीत खाली दाट खारं पाणी, वर अलगद गोडं. अंडं सोडलं की गोड्यात बुडतं, खाऱ्यावर अडतं आणि बरोबर मधोमध तरंगतं.

दर वर्षी प्रयोगशाळेतला मदतनीस बरणी तयार ठेवत असे. मी फक्त अंडं सोडत असे. आज कळलं की खरं काम तो करत होता. पहिल्यांदा पाणी धसकन ओतलं, सगळं कालवलं गेलं, अंडं वर येऊन बसलं. दुसऱ्यांदा तळाला गेलं. तिसरं बरणीच्या काठावर फुटलं.

“आज पण मक्याच्या आक्प्लेबरोबर अंडंच का?” यावाने विचारलं. “कोंबडी माझ्याकडे रागाने बघते आता.”

मी तिला ओरडले. मग सांगितलं की मला हे जमत नाहीये. हे वाक्य मी ह्या घरात आधी कधी बोलले होते, आठवत नाही. ती आली, भोपळ्याच्या कवटीचा एक तुकडा खाऱ्या पाण्यावर तरंगत ठेवला आणि त्यावर गोड्या पाण्याची धार धरली, अगदी बारीक, बाळाला न्हाऊ घालतात तशी.

अंडं मधोमध थांबलं. आम्ही दोघी बघत बसलो.

“सुंदर आहे ग,” ती म्हणाली.

“वैज्ञानिक आहे,” मी म्हटलं.

२ फेब्रुवारी

सविस्तर लिहिते.

मशीन सकाळीच येऊन नारळांखाली उभं राहिलं. प्रचंड, पिवळं, आणि चालक त्याच्या सावलीत घोरत होता. सभा भरली. तोग्बुई खुर्चीवर, शेजारी काठी घेऊन प्रवक्ता. आमच्यात प्रमुखाशी थेट बोलत नाहीत. प्रवक्त्याला सांगायचं, मग तो तेच सांगणार. मी उठले आणि म्हटलं, “तोग्बुई, हे मशीन परत पाठवा.”

सभेने श्वास आत घेतला. प्रवक्ता म्हणाला, “मॅडम, मी इथे ऊन खायला उभा नाही. दंड, दारूची एक बाटली.”

“बाटली नंतर. आधी अंडं.”

बरणी यावाने आणली, दुसऱ्या कोणाला मी बरणीला हात लावू दिला नाही. खारं पाणी कोसिवाआजींच्या तळ्याचं. त्या स्वतः घेऊन आल्या होत्या आणि सगळ्यांना सांगत होत्या की मॅडमना आता माझ्याशिवाय चालत नाही. गोडं पाणी आमच्या आजीच्या झिऱ्याचं. धार यावाने धरली. मी अंडं सोडलं.

बुडालं, बुडत गेलं आणि मधेच अडलं. उभं राहिलं, कशालाही न टेकता.

मागचे लोक पुढे आले. कोणीतरी म्हणालं, जादू. मी म्हटलं, जादू नाही, हीच तुमची जमीन. अंड्याच्या वर तुमचे वाफे, अंड्याच्या खाली समुद्र. मग पपईच्या पानाचा पोकळ देठ घेतला आणि गामेलीला पुढे बोलावलं.

“हा तुझा पाइप. खाली सोड. आणखी खाली. तुला खोल आवडतं ना? ओढ.”

त्याने ओढलं आणि असं तोंड केलं की लहान पोरं आडवी पडली.

“आता देठ वर घे. ओढ.”

त्याने ओढलं. थांबला. पुन्हा ओढलं.

“गोडं आहे.”

“मग पाइप कुठे हवा?”

“वर.”

“मागच्यांना ऐकू आलं नाही.”

“वर!” तो सभेकडे वळून ओरडला. “पाइप वर हवा! मी सगळ्यांच्या विहिरींत तो खाली घातला, मीच वर ओढून देतो.”

प्रवक्ता हुशार. त्याने विचारलं, “आणि वरूनसुद्धा हावरटासारखं ओढलं तर?”

“तरी खारं वर चढेल. म्हणून पाळ्या लावायच्या. एका विहिरीतून फार नाही, पुष्कळ झिऱ्यांतून थोडं थोडं.” मग डुकरं, संडास, खत सांगितलं. शिवाय ट्रकवाले किनाऱ्यावरची वाळू भरून नेतात ते बंद करा म्हटलं. वाळूच नसेल तर पावसाचं पाणी साठणार कशात? मला थांबवणं कोणाला जमलं नाही.

तोग्बुई प्रवक्त्याच्या कानाशी वाकले. प्रवक्त्याने काठी आपटली: मशीन परत. वाळूचे ट्रक बंद. पाळ्या सोमवारपासून. मॅडमचा दंड कायम.

जिंकले! चाळीस वर्षांत एवढा चांगला तास झाला नव्हता.

दंडाची बाटली गामेलीने दिली. मशीन आणल्याची भरपाई असावी.

८ फेब्रुवारी

रोज सकाळी वाडी पाइप ओढायला जमते. घंटा वाजते, पुरुष दोर धरतात, बायका गाणं धरतात, गामेली मधे उभा राहून शिव्या देतो. पाइप एकेक करून दातासारखे उपटून निघताहेत.

पण पाइप वर घेतल्यापासून पंप हवा ओढतात. पाणी कमी येतं आणि अजून मचूळच आहे. शेजारच्या वाडीने तेवढ्यात माझ्यावर टोमण्याचं गाणं रचलं. काल बाजारातून येताना ऐकलं:

आमेतोकोपेची मॅडम सभेत बसली, अंडं घातलं,
उबवा ग बायांनो उबवा, पाण्याला होतील पिल्लं!

चाल चांगली आहे. मी मान ताठ ठेवून चालत आले. आधी पाणी की आधी अंडं, असं आमच्याच वाडीतला एक जण मागून म्हणाला.

चूक तर नाही ना झाली? पुस्तकातला आकडा पुस्तकाच्या वाळूचा. ही वाळू वेगळी वागली तर? घरी आले तेव्हा यावाची पत्र्याची पेटी अंगणात उन्हात उघडी होती. कसर लागली असेल. कपडे मात्र आत घडी करून ठेवलेले होते.

रात्री झोप आली नाही, म्हणून आज लवकर उठून पात पाहिली. तशीच.

१३ फेब्रुवारी

गामेली आला. मासळी नाही, कागदही नाही, थेट अंगणात काठीने रेघ ओढली. आडवी.

“पाइप उभाच का ठेवायचा, आकू? जहाजाच्या तळातलं पाणी आम्ही आडव्या नळीने ओढायचो. भोकं पाडलेली लांब नळी, पाण्याच्या फक्त वरच्या थरात झोपवायची. दोन्ही टोकांना झिरे. ओढ एकाच जागी बसणार नाही, सगळीकडे वाटली जाईल. खालच्याला कळणारच नाही.”

मी रेघेकडे बघत राहिले. बरोबर होतं. मला सुचायला हवं होतं.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

“शेरा दे ना. वहीत देत असत तसा.”

“उत्तम,” म्हटलं. तो उगाच लाजला. साठी उलटलेल्या माणसाने एका शब्दाने लाजावं, म्हणजे त्याचं शालेय शिक्षण नीट झालं नव्हतं.

पहिला चर यावाच्या वाफ्यांच्या कडेने खणायचा असं त्याने परस्पर ठरवलं. मी विचारलं, तुझ्या वाफ्यांच्या का नाही? म्हणाला, “तुझी बहीण लोमेला गेली तर तू इथे एकटी काय करणार?”

हा प्रश्न इथे कुठून आला?

२२ फेब्रुवारी

लिहायला हात धड नाही, खोरं धरून फोड आले. सगळी वाडी आमच्या चरात होती. कोसिवाआजी काठावर बसून, कोण किती हळू खणतो ते मोठ्याने जाहीर करत होत्या. डुकरांची बदली झाली. एक मादी जायला तयार नव्हती, तिला प्रवक्त्याने काठीने नेलं.

नळी झोपवली. पंप हळू सोडला. आलं ते आधी गढूळ, मग निवळ. यावाने ओंजळ धरली. चाखली. पुन्हा धरली, माझ्यापुढे केली.

मी चाखली. आणखी मागितली. आजी ओरडल्या, “अग सांगा ना कोणीतरी, माझे दात नाहीत पण जीभ आहे!”

“गोडं, आजी! गोडं!”

मग जो गोंधळ झाला त्याला शिस्त लावण्याचा मी प्रयत्नही केला नाही. माझ्या अंगावर कळशी ओतली गेली. कोणी ओतली त्याची चौकशी केली नाही.

३ मार्च

नवी पात टोकापर्यंत हिरवी. बोट लावलं की चरचर वाजते. आज चौथा चर खणून झाला. शेजारच्या वाडीचे दोन वडीलधारे सकाळी आमच्या बांधावर उगाच रेंगाळत होते. विचारलं, काय काम? म्हणाले, सहज. मग एकाने हळूच विचारलं, “मॅडम, ते अंडं... आमच्याकडे पण दाखवाल का?”

“आधी गाणं म्हणून दाखवा,” मी म्हटलं.

म्हणावं लागलं. दोघांनी, टोप्या हातात घेऊन. गामेली चरात बसकण मारून हसला. पुढच्या मंगळवारी जाते आहे. बरणी यावा धरणार.

१७ मार्च

काढणी. जांभळे, घट्ट, मुठीत मावणार नाहीत असे झुबके. गेल्या कित्येक वर्षांत असा कांदा ह्या पट्टीवर निघाला नाही, असं कोसिवाआजी म्हणाल्या, आणि त्या कधी कोणाची स्तुती करत नाहीत. सगळ्या पट्टीवर पातीचा उग्र वास. बायका जुड्या बांधत होत्या आणि माझं गाणं म्हणत होत्या, तेच, शेजारच्या वाडीचं. फक्त शेवट बदलला आहे:

उबवलं ग बायांनो उबवलं, पाण्याला फुटली पात!

पहिली कळशी तोग्बुईंच्या अंगणात नेली. पुन्हा वाडगा, पुन्हा पाला, ह्या वेळी भांडण नसताना, फक्त आभाराचा. वाडगा गामेलीने आधी घेतला, पाणी प्यायला, उरलेलं मला दिलं आणि म्हणाला, फार गोड आहे. तो वाडग्याकडे बघत नव्हता. हल्ली त्याची नजर भलतीकडेच असते. डोळे तपासून घे, असं त्याला सांगितलं. म्हणाला, तू चल बरोबर. जाईन. त्याला एकट्याला डॉक्टरांशी नीट बोलता येणार नाही.

१८ मार्च

सकाळी स्वयंपाकघरात शिरताना कपाळावर काहीतरी आपटलं. वर पाहिलं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, एकूण एक वाशाला, कांद्याच्या जुड्या. सर्वांत मोठे, निवडून बाजूला काढलेले. बियाण्याचे.

पत्र्याची पेटी कोपऱ्यात होती. रिकामी. तिच्यावर चढून यावा शेवटची जुडी बांधत होती.

“इथे कोणी टांगतं का?” मी ओरडले. “माणसाने चालायचं कसं?”

“वाकून,” ती म्हणाली. “आई चालायची तसं.”

वाकले. चुलीपाशी बसले. आंबील तिने पुढे ठेवली.

साखर जास्त झाली होती. बोलले नाही.